होडीला लावून उरलेलं

धोपाव्याहून फेरीबोट सुटते तेव्हा
दाभोळ अजून एकाच रंगाचं असतं,
डोंगराच्या काखेत धुरकट काहीतरी.
खाडी अर्धी सरते
आणि घरं एकमेकांपासून सुटी व्हायला लागतात:
आधी एक पिवळं,
मग मोरपंखी,
मग तो तसला गुलाबी
जो आमच्याकडे फक्त बर्फीवर दिसतो.
माझ्या शेजारी एक स्कूटर, दोन बकऱ्या
आणि बर्फाच्या लादीवर गोणपाट टाकून बसलेला मुलगा.
त्याला विचारलं, गावात बघण्यासारखं काय आहे?
तो म्हणाला, कुनाला?

पाखाडीच्या जांभ्या पायऱ्या मोजायचं ठरवलं होतं.
एकशे बाराव्या पायरीवर एक कोंबडी आडवी आली,
आकडा निसटला.
वर जावं तशी घरं
जत्रेतल्या मागच्या रांगेसारखी
पुढच्याच्या खांद्यावरून बंदर बघत उभी.
कुणाच्या छपराला लागून कुणाचं अंगण,
अंगणात सुकट,
सुकटीवर जुनं जाळं,
जाळ्यावर दगड,
आणि दगड कधी घरंगळतो याची वाट बघणारा कावळा.

खाली धक्क्याजवळ शरफुद्दीन होडेकर
एका होडीच्या नाळेला हिरवा देत होते.
हाताच्या रेषांत निळा, नखांत लाल.
दाढीकडे मी जरा जास्त वेळ बघितलं असावं.
म्हणाले, "तो रंग नाही. वय आहे."
मग ब्रश डब्याच्या काठावर निथळत:
"होडीला लावून उरतो तो घराला.
घरासाठी विकत कोण आणतो?
घर काय बुडणाराय?"

म्हणजे वरच्या प्रत्येक भिंतीची
खाली पाण्यात एक सख्खी बहीण.
पुन्हा चढलो. मशिदीच्या कठड्यापाशी बसून
जोड्या लावा, पाच गुण.
हे नारिंगी, ती 'चंडिकाप्रसाद'.
पांढऱ्यावर निळी रेघ, ती 'अल-बुशरा'.
गुलाबीची सापडायला वेळ लागला,
ती दोन ट्रॉलरांच्या मागे लाजून होती.
सगळ्या लागल्या.
एक जांभळं घर उरलं.
जांभळी होडी कुठेच नाही,
ना धक्क्याला, ना चिखलात कलंडलेली, ना लांब खाडीच्या तोंडाशी.

मी बाहेरगावचा. मला वाटायचं तेच वाटलं.
पावलं आपोआप हळू झाली,
कॅमेरा पिशवीत गेला,
आणि त्या दारासमोर मी
दहाव्याला आल्यासारखा चेहरा करून उभा राहिलो.
अनसूया पावशे कोळंबी सोलत होत्या.
चेहरा बघून इतक्या हसल्या
की हातातली कोळंबी मांजराला मिळाली.
"बुडली नाय रं. इकली.
मालप्याच्या शेटला. पोराला मस्कतला जायाचं व्हतं.
तिकडं आता तिला कंचा रंग फासलाय
आमाला काय ठावं.
आमचा ह्यो हाय."
आणि उंबऱ्याजवळचा पोपडा नखाने उचकटून दाखवला:
जांभळ्याखाली विटकरी, सासऱ्यांची.
विटकरीखाली पिवळा, वाटण्या व्हायच्या आधीची.
त्याखाली आणखी काहीतरी होतं,
"ती मी नाय बगितली," म्हणाल्या,
आणि पोपडा अंगठ्याने परत दाबून बसवला.

माझ्या इमारतीचा रंग सोसायटीच्या सभेत ठरला.
बिस्किटी. बारा विरुद्ध नऊ.
मी त्या दिवशी गैरहजर होतो.

परतीच्या फेरीत तोच मुलगा, गोणपाट ओलं, बर्फ संपलेला.
बगितलंत का?
मी कोपर पुढे केलं.
कधी टेकलो होतो कुणास ठाऊक,
शर्टावर तळहाताएवढा हिरवा.
त्याने वास घेतला, जाणत्यासारखी मान हलवली.
होडेकरचाचांचा. राकेलनं जाईल.

पाठीमागे दाभोळ परत एकाच रंगाचं होत चाललं होतं,
जांभळं मात्र मला अजून बोट ठेवून दाखवता आलं असतं.
राकेल आमच्या घरात
कितीतरी वर्षांत आलेलं नाही.